गुगलवर रोज पोस्ट टाकली की दुकान वर दिसतं का?

'स्वीट मार्ट निअर मी' शोधल्यावर आपलंच दुकान वर यावं म्हणून अनेक जण गुगल बिझनेस प्रोफाइलवर रोज पोस्ट टाकतात. काही तर त्यासाठी एजन्सीला दरमहा पैसे देतात. पण गुगल सांगतं ते निकष तीन : शोधाशी जुळणारी माहिती, ग्राहकापासूनचं अंतर आणि दुकान किती नावाजलेलं आहे. शेवटच्यात रिव्ह्यूंची संख्या आणि रेटिंग धरलं जातं. रोजच्या पोस्टचा त्यात उल्लेख नाही.

मग पोस्ट वाया? तसंही नाही. गणपतीत मोदकांची ऑर्डर कधीपर्यंत घेणार, हे प्रोफाइल उघडणाऱ्याला तिथेच कळतं. 'शुभ सकाळ'चे फोटो मात्र कुणाच्याच कामाचे नाहीत. कॅटेगरी चुकली असेल किंवा सुट्टीच्या दिवसाची वेळ जुनीच असेल, तर आधी ते दुरुस्त करा. त्याला पैसे लागत नाहीत.