पाटी 'को-ऑप'ची, दुकान कोणाचे? खुल्या नकाशातील नावांचा पेच समजून घ्या

ब्रिटनमध्ये निळ्या अक्षरांतील 'को-ऑप' अशी पाटी दिसली, की हे एकाच मोठ्या साखळीचे दुकान आहे असे वाटते. प्रत्यक्षात शेजारच्या गावातील तशाच पाटीचे दुकान दुसऱ्याच सहकारी संस्थेचे असू शकते. सभासद वेगळे, संचालक मंडळ वेगळे, नफ्याचे वाटपही वेगळे. एका संस्थेचे सभासद कार्ड दुसरीकडे चालेलच असे नाही. त्यामुळे कोणीही संपादित करू शकेल अशा 'ओपनस्ट्रीटमॅप'वर ही दुकाने नोंदवताना स्वयंसेवक हमखास अडखळतात.

या गुंत्याचे मूळ जुने आहे. 1844 मध्ये रॉचडेल येथे विणकर व इतर कारागिरांनी लोणी, साखर, पीठ विकणारे सहकारी दुकान काढले. पुढे गावोगावी अशा संस्था निघाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या हजारावर होती. बहुतेक संस्था विलीन होत गेल्या आणि मँचेस्टरचा 'को-ऑपरेटिव्ह ग्रुप' सर्वांत मोठा झाला. लिंकनशायर को-ऑप, एडिनबराची स्कॉटमिड यांसारख्या संस्था मात्र स्वतंत्र राहिल्या. कोणी समूहाची पाटी लावली, कोणी स्वतःचे नाव जपले. त्यातच समूहाने 2016 मध्ये 1968 सालचे जुने बोधचिन्ह परत आणले. साहजिकच 'द को-ऑपरेटिव्ह फूड'च्या जुन्या पाट्या आणि 'को-ऑप'च्या नव्या पाट्या काही काळ एकत्र नांदल्या.

नियम काय सांगतो?

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये यासाठी वेगवेगळे रकाने आहेत. 'नेम'मध्ये दुकानाचे प्रचलित नाव, म्हणजे बहुधा पाटीवरचेच. 'ब्रँड'मध्ये सामायिक ब्रँड. 'ऑपरेटर'मध्ये दुकान चालवणारी संस्था. शाखेचे नाव 'ब्रांच'मध्ये. अनेकजण हे सगळे 'नेम'मध्येच कोंबतात आणि तिथेच गडबड होते. संपादनाचे अ‍ॅप ब्रँडचे नाव सुचवते, पण ते मान्य केले म्हणजे काम संपले असे नाही. दुकान कोणत्या संस्थेचे, हे पावती किंवा दारावरची सूचना वाचून माणसानेच पाहायचे असते. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

घरबसल्या सरसकट नावे बदलणे किती धोक्याचे, हे औषध दुकानांच्या उदाहरणातून कळते. को-ऑपरेटिव्ह ग्रुपने 2014 मध्ये आपली औषध दुकाने 'बेस्टवे' या कंपनीला विकली आणि त्यांना 'वेल' हे नाव मिळाले. लिंकनशायर को-ऑपची औषध दुकाने या व्यवहारात नव्हती. नकाशावरील प्रत्येक 'को-ऑप' औषध दुकान एका झटक्यात 'वेल' केले असते, तर तीही विकली गेल्याचे दिसले असते. हा डेटा इतर अनेक अ‍ॅप वापरतात, म्हणजे चूक तिथेही पोहोचली असती. म्हणूनच अशा घाऊक बदलांआधी इतर नकाशाकारांशी चर्चा करण्याचा दंडक आहे.

आपल्याकडचे 'अमूल'

भारतात हाच प्रश्न अमूल पार्लरबाबत येतो, फक्त थोडा उलटा. आणंदचा खेडा जिल्हा दूध संघ 1946 चा, तर विपणन करणारा गुजरातचा महासंघ 1973 चा. पण पुण्या-मुंबईत कोपऱ्यावरचे पार्लर सहसा स्थानिक व्यावसायिक चालवतो. तेव्हा 'ब्रँड'मध्ये अमूल लिहिणे बरोबर. 'ऑपरेटर'मध्ये महासंघाचे नाव टाकणे मात्र चूक. पार्लर चालवणारी फर्म ठाऊक नसेल, तर तो रकाना रिकामा ठेवलेलाच बरा. पाटीवर 'अमूल'सोबत दुकानाचे स्वतःचे नाव असेल आणि लोक त्याच नावाने ओळखत असतील, तर 'नेम'मध्ये ते लिहावे. पाटी देवनागरीत असेल, तर मराठी नावाचा स्वतंत्र रकानाही आहे. तो बहुतेक ठिकाणी अजून कोराच दिसतो.