१२१ अंशांचा पहारा

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाहुणे आले की त्यांना आधी सूक्ष्मदर्शक दाखवतात. तो मान त्याला खुशाल मिळावा. पण सूक्ष्मदर्शक एखादा दिवस बिघडला तर काम मागे पडतं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे कोंडलेल्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, बिघडला तर सगळी लॅब थांबते. मीडिया, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, तयार होत नाही, काचसामान वापरता येत नाही, कालच्या प्लेटा टाकूनही देता येत नाहीत. आपल्याकडच्या महाविद्यालयांत हे यंत्र बहुधा मागच्या खोलीत, बेसिनजवळ उभं असतं. ते चालवतात लॅबमधले मामा, आणि त्यांच्या हाताला जे कळतं ते पुस्तकात क्वचितच सापडतं.

जिवाणू वाढवणं सोपं आहे. उघडा राहिलेला वरणाचा टोप तेवढं काम रात्रीत करतो. कठीण आहे ते हवा तोच जिवाणू वाढवणं आणि दुसरा एकही न वाढू देणं. हवेत, पाण्यात, बोटांवर, कापसाच्या बोळ्यावर सगळीकडे जीव आहेतच. म्हणून कामाची सुरुवात पेरणीपासून होत नाही. भांडं, मीडिया, पिपेट अशी प्रत्येक वस्तू आधी पूर्ण निर्जंतुक करावी लागते.

त्यासाठी उकळणं पुरत नाही, हे १८७६ च्या सुमाराला फर्डिनांड कोन यांनी दाखवून दिलं. गवताच्या काढ्यातले काही जिवाणू संकट आलं की स्वतःभोवती जाड कवच घेऊन बीजाणू होतात आणि उकळत्या पाण्यातही टिकून राहतात. जॉन टिंडॉल यांनी यावर चिकाटीचा उपाय काढला. पहिल्या दिवशी उकळा, राहिलेल्या बीजाणूंना रुजू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पद्धत चांगली होती, पण तीन दिवस खाणारी. १८७९ मध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शाम्बरलाँ यांनी ऑटोक्लेव्हमध्ये वाफ कोंडून ते काम मिनिटांवर आणलं. वाफ कोंडण्याची युक्ती त्याआधी दोनशे वर्षं दनी पापँ यांनी हाडं शिजवण्यासाठी वापरली होती. आपल्या घरातला कुकर त्याच घराण्यातला. कुकरही जवळपास तेवढ्याच दाबावर चालतो, आणि ऑटोक्लेव्ह परवडत नाही अशा छोट्या लॅबमध्ये मीडिया आजही मोठ्या कुकरमध्ये होतो.

आकडे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात: दर चौरस इंचाला १५ पौंड दाब, १२१ अंश सेल्सिअस, १५ मिनिटं. पण पुष्कळांची समजूत अशी असते की जंतू दाबाने मरतात. तसं नाही. दाबाचं काम फक्त पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून १२१ वर नेण्याचं. मारते ती वाफ. थंड वस्तूला लागताच तिचं पाणी होतं आणि प्रत्येक ग्रॅममागे पाचशेहून जास्त कॅलरी उष्णता ती त्या वस्तूला देऊन टाकते. ओल्या उष्णतेत जिवाणूची प्रथिनं गोठतात. कोरड्या हवेत हेच साधायचं तर हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंशांवर दोन तास लागतात. तेल आणि पावडर यांना मात्र तोच मार्ग. वाफ त्यांच्यात शिरतच नाही.

उभ्या ऑटोक्लेव्हजवळ थोडा वेळ थांबून मामांचं काम बघावं. आधी तळातलं पाणी बघतात, हीटर बुडालेला हवा. फ्लास्कचे बोळे कागदाने बांधलेले, बाटल्यांची झाकणं अर्धा आटा सैल, सामान एकमेकांना दाबून न भरता वाफेला वाट ठेवलेली. झाकणाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळतात, म्हणजे गॅस्केट सगळीकडे सारखं बसतं. मग वरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून वाट बघतात. आधी फुसफुस येते, मग हवा आणि वाफ मिसळून, आणि शेवटी सलग, जोरदार वाफ. तेव्हाच व्हॉल्व्ह बंद.

सगळी मेख इथेच आहे. आतली हवा मुळीच काढली नाही, तर काटा १५ पौंड दाखवतो आणि आत तापमान असतं १०० च्या आसपास. अर्धी हवा राहिली तर ११२. काटा खोटं बोलत नाही, तो दाबच दाखवतो. पण आपल्याला हवं असतं तापमान. घाईत व्हॉल्व्ह लवकर बंद केला तर मीडिया स्वच्छ, पारदर्शक दिसतो आणि दोन दिवसांनी त्यात पांढरट ढग उठतात. मग खापर फुटतं ते पेरणाऱ्या विद्यार्थ्यावर. शेवटीही घाई नको. काटा शून्यावर येण्याआधी वाफ सोडली तर फ्लास्कमधलं अगार उसळून बोळे भिजवतं, आणि भिजलेला बोळा जंतूंना अडवत नाही.

बाकीची यंत्रं या पहाऱ्याच्या भरवशावर चालतात. इन्क्युबेटर ३७ अंशांची ऊब देतो, पण पाहिजे त्या जिवाणूला आणि आगंतुकाला सारखीच. लॅमिनारच्या कपाटात गाळलेली हवा येते; तिच्यात अस्वच्छ फ्लास्क ठेवला तर तो अस्वच्छच राहतो. लूपची तार दिव्यावर लालबुंद करून घेतात. उष्णता न सोसणारी द्रव्यं ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात. तापवता येणारं बाकी सगळं ऑटोक्लेव्हच्याच वाट्याला.

निर्जंतुकीकरणातल्या एका ढिलाईची किंमत किती असते, हे मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या इतिहासात लिहिलेलं आहे. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतले एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांचं पद गेलं. पुढे पुराव्यातून वेगळीच गोष्ट दिसली: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढलं होतं. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, आणि सौम्य जंतुनाशकात बुडवून काढल्याने ते मरत नाहीत. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ पासून संस्थेला त्यांचं नाव आहे. पण उमेदीची पाच वर्षं गेली ती गेलीच, आणि मलकोवालची १९ माणसंही.

म्हणून ऑटोक्लेव्हवर नुसता विश्वास ठेवून भागत नाही, त्याची परीक्षा घ्यावी लागते. डब्यावर चिकटवलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटतात, त्यांचा अर्थ एवढाच की डबा तापला. खरी परीक्षा घेतो एक जिवाणूच. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस याचे बीजाणू अतिशय चिवट. त्यांची बंद कुपी सामानाच्या अगदी मधोमध, वाफ सगळ्यांत उशिरा पोचेल तिथे ठेवायची. फेरी झाल्यावर ती ५५ ते ६० अंशांवर उबवायची. जांभळा रंग तसाच राहिला तर बीजाणू मेले. पिवळा झाला तर ते जगले, आणि त्या फेरीतलं काहीही वापरायचं नाही. ही चाचणी रुग्णालयांत नेमाने व्हायला हवी हे सगळेच मान्य करतात. माझं म्हणणं, ती महाविद्यालयांतही दर आठवड्याला व्हावी आणि तिची नोंद ठेवण्याचं काम विद्यार्थ्यांकडे द्यावं. उद्या हीच मुलं औषध कंपन्यांत आणि रक्तपेढ्यांत बसणार आहेत. आणि ती वही भरायला शिकवावं मामांनीच, कारण वाफेचा आवाज त्यांनाच ओळखता येतो.