डबा दिलात, आता बेल्टचंही विचारा!

सकाळची घाई आपल्या सगळ्यांच्याच ओळखीची. डबा भरायचा, पाण्याची बाटली, रुमाल, मोबाइल, गाडीची किल्ली... सगळं हातात द्यायचं आणि दारातून सांगायचं, 'सावकाश जा हं!' ज्या घराचं पोट गाडीच्या चाकावर चालतं, तिथं तर हे वाक्य रोजचंच. कुणाचे मिस्टर वडापची जीप चालवतात, कुणाचा मुलगा दुधाच्या टेम्पोवर असतो. कुणाचे दीर औषध कंपनीचे एमआर म्हणून तालुके पालथे घालतात, तर कुणाची लेक ऑफिसच्या गाडीनं गावोगाव फिरते. 'सावकाश जा' हे सगळ्याच सांगतात. 'बेल्ट लावाल ना?' हे विचारायचं मात्र राहून जातं.

सरकारच्याच अहवालातला आकडा बघा. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं दगावली. त्यातल्या १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. त्यात ८,३८४ गाडी चालवणारे होते, तर ८,३३१ गाडीत बसलेले. म्हणजे बेल्ट ही फक्त ड्रायव्हरची गोष्ट नाही, गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाची आहे. नीट लावलेल्या बेल्टमुळे अपघातात जीव जाण्याचा धोका निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बेल्ट नेमकं करतो काय?

ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला काहीच वाटत नाही. पण त्या वेगातली गाडी झाडावर आदळून जागीच थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा हिसका हा साधारण तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडण्याएवढा असतो. गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगानं पुढे जात राहतो. मग स्टिअरिंग, काच किंवा पुढची सीट त्याला थांबवते. हातानं धरून ठेवू म्हणाल, तर तेवढी ताकद कुणाच्याच हातात नसते. म्हणूनच पुढच्या सीटवर मांडीवर बाळ घेऊन बसणं फार धोक्याचं आहे.

आज आपल्या गाड्यांत असतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा बेल्ट १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतल्या नील्स बोलिन या इंजिनिअरनं तयार केला. त्याआधी ते विमानातल्या वैमानिकांच्या सुटकेच्या खुर्च्यांवर काम करत. व्होल्वोनं हा बेल्ट बाकीच्या कंपन्यांनाही वापरू दिला. त्याचं तत्त्व अगदी साधं आहे. हिसक्याचा भार पोटावर किंवा मानेवर न येता छातीचा पिंजरा, खांदा आणि कमरेची हाडं या मजबूत भागांवर वाटला जातो, आणि माणूस गाडीबाहेर फेकला जात नाही.

'आमच्या गाडीत एअरबॅग आहे' असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा, एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला असते, बेल्टच्या ऐवजी नाही. ती क्षणार्धात प्रचंड जोरात फुगते. बेल्ट नसलेला माणूस तोवर पुढे फेकला गेलेला असेल, तर एअरबॅगनंच इजा होऊ शकते.

'आमचं रोजचंच काम आहे हो!'

गंमत म्हणजे दिवसाचे आठ-दहा तास गाडीत काढणारा माणूसच बेल्टचा कंटाळा करतो. त्याची कारणंही त्याच्या कामातूनच आलेली असतात. गॅसच्या, दुधाच्या किंवा कुरिअरच्या गाडीवर दर पाच मिनिटांनी उतरावं लागतं. एमआरला शर्टाची इस्त्री जपायची असते. वडापवाला म्हणतो, 'पुढच्या फाट्यावर तर थांबायचंय.' आणि सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य असतं, 'वीस वर्षं गाडी चालवतोय, मला काय होतंय?'

यावर भांडू नका, हिशेब मांडा. बेल्ट लावायला तीन-चार सेकंद लागतात. दिवसात तीस वेळा उतरलं-चढलं, तरी दोन मिनिटंसुद्धा होत नाहीत. चहाच्या टपरीवर याच्या दसपट वेळ जातो! राहिला प्रश्न वीस वर्षांच्या अनुभवाचा. त्या अनुभवामुळे आपली चूक टळेल, पण समोरून चुकीच्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर किंवा अचानक आडवी आलेली म्हैस टळेलच असं नाही. जो दिवसाला दोनशे किलोमीटर चालवतो, त्याच्या वाट्याला असे प्रसंग जास्तच येणार.

'गाडी पेटली, पाण्यात पडली तर बेल्टमुळे अडकू' ही भीतीही नेहमी ऐकू येते. असे अपघात फार थोडे असतात. आणि त्यातही बाहेर पडायला माणूस शुद्धीवर हवा. डोकं आपटून बेशुद्ध पडलेल्यापेक्षा बेल्टमुळे जागेवर राहिलेला माणूस बटण दाबून लवकर बाहेर येतो.

काही जण तर वाजणारा अलार्म बंद करायला बक्कलमध्ये नुसतीच क्लिप खोचतात. अशा क्लिप विकणाऱ्या पाच ऑनलाइन कंपन्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये कारवाई केली आणि तेरा हजारांहून जास्त जाहिराती काढायला लावल्या. घरच्या गाडीत अशी क्लिप दिसली, तर ती सरळ कचऱ्यात टाका.

मागच्या सीटवर बसलात म्हणून...

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती. मागे बसलेले दोघंही गेले, पुढचे दोघं गंभीर जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्याआधी ३ जून २०१४ ला दिल्लीत विमानतळाकडे जाताना झालेल्या अपघातात गोपीनाथ मुंडे गेले, तेही मागच्याच सीटवर होते. शहरातल्या शहरातला तो प्रवास होता.

मागच्या माणसानं बेल्ट लावला नसेल, तर तो फक्त स्वतःचाच जीव धोक्यात घालत नाही. त्याचं सगळं वजन पुढच्या सीटवर आदळतं, आणि बेल्ट लावलेला ड्रायव्हरही त्याखाली चिरडू शकतो. 'साहेबांना बेल्ट लावा असं कसं सांगायचं?' असा संकोच ड्रायव्हरला वाटतो. म्हणून साहेबांनी, बाईंनी आधी स्वतः लावावा.

आपणही 'मालकीणबाई' असतो!

तुळजापूरला जायला, लग्नाच्या वऱ्हाडाला, आजारी सासूबाईंना जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला आपण गाडी ठरवतो. चार शिक्षिका मिळून शाळेसाठी महिन्याच्या बोलीवर गाडी लावतात. मुलांच्या शाळेची व्हॅनही आपणच ठरवतो. पैसे आपण देतो, तर मग अट घालायला काय हरकत आहे? अॅडव्हान्स देण्याआधी विचारा, 'दादा, मागचे बेल्ट चालू आहेत ना?' भाड्याच्या कितीतरी गाड्यांत मागची बक्कलं सीट कव्हरखाली दडलेली असतात. ती बाहेर काढून द्यायला सांगा. आणि सातजणांच्या गाडीत अकराजण कोंबायचा आग्रह आपणही धरायचा नाही. एका बेल्टमध्ये एकच माणूस.

कायदाही आपल्याच बाजूनं आहे. पुढच्याच नाही, तर पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनाही बेल्ट सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं त्यासाठी एक हजार रुपये दंडाची तरतूद केली. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय बसवलं, तर त्यासाठीही तेवढाच दंड सांगितला आहे. पण पोलीस दिसला की बेल्ट ओढायचा आणि चौक ओलांडला की सोडायचा, यात फसवणूक होते ती आपल्याच घराची.

साडी आणि दिवस असताना

साडीवर बेल्ट लावताना पदर आधी पिनेनं नीट बसवा, म्हणजे तो बेल्टमध्ये गोळा होत नाही. कमरेचा पट्टा निऱ्यांच्या गाठोड्यावरून न घेता खाली, मांड्यांच्या वरच्या बाजूला घट्ट बसवा. दिवस गेलेल्या बाईनंही बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूनं जाऊ द्यावा. पोटावरून आडवा पट्टा कधीच नको.

रविवारी पाच मिनिटं काढा, गाडीतला प्रत्येक बेल्ट तपासा

• बेल्ट झटकन ओढून पाहा. तो जागीच अडकला पाहिजे.
• पट्टा विरलेला, कापलेला किंवा उंदरानं कुरतडलेला असेल तर बदलून घ्या. मोठ्या अपघातात ताण बसलेला बेल्टही बदलावाच लागतो.
• पट्ट्याला पीळ नको. खांद्याचा पट्टा काखेखालून घ्यायचा नाही.
• गळ्याला काचत असेल, तर दाराजवळच्या खांबावर तो वरखाली करायची सोय आहे का ते बघा.
• लहान मुलांना मागच्या सीटवरच बसवा. अगदी लहानांसाठी त्यांच्या मापाची वेगळी सीट मिळते.
• घरात एकच नियम करा : आधी बेल्ट, मग किल्ली.

हा नियम चार दिवस सांगावा लागतो. त्यात मुलांना सामील करून घ्या. 'बाबा, बेल्ट!' असं मागच्या सीटवरून लेकीनं म्हटलं, की भल्याभल्या ड्रायव्हरचा हात आपोआप खांद्याकडे जातो.