स्वस्त घर आणि परका शेजार

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. परंतु आज श्रीरामपुरासारख्या नगरांत सामान्य मिळकतीचा मनुष्य घर बांधून पाहत नाहीं. तो तें विकत घेऊन पाहतो. नोकरींतून निवृत्त होतांना हातीं आलेला भविष्यनिर्वाह निधि, पत्नीच्या अंगावरचें थोडेंबहुत सोनें आणि बँकेचें कर्ज, हें सर्व तो एका खरेदीखतावर लावतो. येथें चूक झाली तर ती सुधारण्यास दुसरें आयुष्य मिळत नाहीं. म्हणून स्वस्त घर दिसलें असतां तें स्वस्त कां आहे, हा प्रश्न सर्वांच्या आधीं विचारावयास हवा.

श्रीरामपूर हें पुरातन गांव नव्हे. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि जवळच्या बेलापूर गांवाच्या नांवानें येथें स्थानक झालें. स्थानकाचें तें नांव अजून कायम आहे. १९२६ मध्यें भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस उभा राहिला, हरेगांव व टिळकनगर येथें साखर कारखाने निघाले आणि स्थानकाभोंवतीं पेठ वाढली. व्यापारासाठीं मारवाडी व गुजराती आले, मजुरीसाठीं दूरदूरचीं कुटुंबें आलीं, १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबेंही येथें मोठ्या संख्येनें आहेत; हरेगांवची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरांत भरते, तेव्हां तेथें केवळ ख्रिस्तीच जातात असें नाहीं. येथें मूळचा कोण आणि उपरा कोण हें ठरवूं गेल्यास बहुतेक घरांचें मूळ दुसऱ्याच गांवीं निघेल.

असें असूनही माणसें आपापल्या लोकांच्या आसऱ्यानें राहतात आणि एकेका वस्तींत एकेका समाजाची दाटी होते. मग समजा, एखाद्या कुटुंबास अशाच वस्तींत परवडणारें घर सांपडलें. किंमत जुळते, शाळा जवळ आहे. परंतु घरांत कुजबुज सुरू होते कीं, तिकडे आपलीं माणसें नाहींत, भाषा निराळी, सण निराळे, उद्यां विकावयाचें म्हटलें तर घेणार कोण? या कुजबुजींत खऱ्या शंका आणि खोट्या शंका एकांत एक मिसळलेल्या असतात. त्या निवडून वेगळ्या केल्या पाहिजेत. घर स्वस्त असण्याचीं कारणें मुख्यतः तीन: कागदांतील दोष, जागेंतील दोष आणि लोकांच्या मनांतील दोष.

पहिलें कारण सर्वांत घातक. मुद्रांकावर मजकूर लिहून घेतला, नोटरीचा शिक्का बसला आणि नगरपरिषदेच्या करआकारणी उताऱ्यावर नांव चढलें, कीं घर आपलें झालें, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कर भरल्यानें मालकी सिद्ध होत नाहीं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा यांप्रमाणें दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतावांचून घराची मालकी खरेदीदाराकडे जात नाहीं. नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेली विक्री ही विक्री नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें स्पष्ट केलें आहे. नगर भूमापन झालेल्या भागांत मिळकत पत्रिका पाहावी, इतरत्र सातबारा पाहावा, आणि मागील तीस वर्षांचे व्यवहार निबंधकाच्या दप्तरांतून वकिलाकरवीं तपासून घ्यावे.

श्रीरामपूर भागांत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानें कारखान्यांकडील जमिनी सरकारनें घेतल्या, १९६३ मध्यें त्यांसाठीं शेती महामंडळ स्थापन झालें, आणि बऱ्याच वर्षांनीं त्यांतील कांहीं जमीन मूळ खंडकरी शेतकऱ्यांस परत मिळाली. सातबाऱ्यावर जमीन भोगवटादार वर्ग २ अशी नोंदलेली असेल, तर सरकारच्या परवानगीवांचून ती विकतां येत नाहीं. तसेंच शेतजमिनीचे गुंठागुंठा तुकडे पाडून झालेली विक्री १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यांत अडकूं शकते. अशीं बांधकामें नियमित करण्यासाठीं २००१ मध्यें गुंठेवारीचा कायदा झाला; तेव्हां विक्रेत्याकडे नियमितीकरणाचा दाखला आहे कीं नाहीं, हें विचारावें. "पुढें होऊन जाईल" हें उत्तर म्हणजे दाखला नव्हे.

दुसरें कारण डोळ्यांस दिसतें, मात्र योग्य वेळीं पाहिलें तरच. या भागाची काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसते. पाया उथळ असेल तर भिंतींस तिरप्या भेगा पडतात. नवा रंग दिलेली भिंत म्हणूनच अधिक निरखून पाहावी. कालव्याखालच्या सखल जमिनींत पाणी मुरून ओल चढते. घर एकदां उन्हांत आणि एकदां मोठ्या पावसानंतर पाहावें. नळास पाणी किती दिवसांनीं व किती वेळ येतें आणि सांडपाणी कोठें जातें, हें विक्रेत्यास न विचारतां शेजारच्या गृहिणीस विचारावें.

तिसरें कारण मात्र घरांत नसतें. तें घराबाहेरच्यांच्या मनांत असतें. याचें मोठें उदाहरण अमेरिकेंत घडलें. तेथें १९३० नंतरच्या दशकांत सरकारी गृहकर्ज संस्थेनें शहरांचे नकाशे रंगविले आणि कर्जास धोक्याच्या वस्त्यांस लाल रंग दिला. लॉस एंजेलिसमधील बॉइल हाइट्स या वस्तींत मेक्सिकन, ज्यू, जपानी असे नाना लोक एकत्र राहत; १९३९ मध्यें तीही लाल ठरली. अशा वस्त्यांस कर्ज मिळेना, म्हणून घरें दुरुस्त होईनात. दुरुस्त होईनात म्हणून किंमत घसरे. आणि घसरलेली किंमत पाहून लोक म्हणत कीं, वस्तीच वाईट! घर विकतांना वा भाड्यानें देतांना वंश पाहून भेद करण्यास तेथें १९६८ च्या कायद्यानें बंदी झाली, तरी त्या नकाशांचीं व्रणचिन्हें पुष्कळ काळ राहिलीं.

आपल्याकडे असा नकाशा कोणी छापला नाहीं. तो तोंडोतोंडीं काढला जातो. भारताच्या राज्यघटनेनें नागरिकास देशांत कोठेंही वसण्याचा हक्क दिला आहे. परंतु शेजारधर्म कायद्यानें शिकवितां येत नाहीं. त्यास सोपा उपाय आहे. शक्य तर त्या वस्तींत प्रथम कांहीं महिने भाड्यानें राहावें. रात्रीं आजारी पडल्यास कोण दार उघडतो, मुलें कोणत्या भाषेंत भांडतात आणि पुन्हां खेळूं लागतात, हें तेथेंच कळतें. विक्रीची शंकाही तेथेंच फिटते. ज्या वस्तींत माणसें टिकून राहतात, तेथें घरास गिऱ्हाईक मिळतें.

सारांश, कागदांत दोष असेल तर घर कितीही स्वस्त मिळालें तरी तें महागच. जागेंत दोष असेल तर दुरुस्तीचा खर्च किंमतींत मिळवून हिशेब करावा. परंतु कागद स्वच्छ, पाया पक्का आणि उणें इतकेंच कीं शेजारी निराळ्या देवाचें नांव घेतो, तर तेथें स्वस्त झालें आहे तें घर नव्हे, लोकांचें मत. तें मत मागें ठेवून जो घर घेतो, त्याचे पैसे तर वांचतातच, शिवाय शेजारही लाभतो.