कोर्टात शब्द न् शब्द लिहिला जातो?

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात पहिल्यांदाच दावा लढवणारा माणूस हल्ली मोबाइलवर बराच अभ्यास करून येतो. त्यात त्याला एक सल्ला हमखास सापडतो: सुनावणीसाठी पात्र, अनुभवी कोर्ट रिपोर्टर नेमा. सल्ला वाईट नाही, पण तो अमेरिकेतला आहे. तिथे खटल्याआधीच्या जबान्या बहुधा वकिलांच्या कार्यालयात होतात आणि त्या टिपायला पक्षकारांचे वकीलच रिपोर्टर बोलावतात. साक्ष मिनिटाला 225 शब्दांच्या वेगाने आणि 95 टक्के अचूक टिपून दाखवल्याशिवाय तिथल्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्र मिळत नाही. पुण्यातल्या दिवाणी किंवा फौजदारी कोर्टात मात्र पक्षकाराने स्वतःचा रिपोर्टर आणून बसवण्याची पद्धतच नाही. तिथला लघुलेखक न्यायालयाचा कर्मचारी असतो, त्याचा पगार सरकार देते आणि तो लिहितो ते न्यायाधीशांच्या सांगण्यावरून.

दुसरा गैरसमज इथूनच सुरू होतो, आणि तो जास्त महागात पडतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून जे बोलतो ते जसेच्या तसे कागदावर उतरते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश ते उत्तर आपल्या वाक्यात बांधून मोठ्याने सांगतात आणि लघुलेखक ते टाइप करतो. ही कोर्टाची लहर नव्हे, कायदाच तसा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18 मध्ये न्यायाधीशांनी सांगितलेली साक्ष टाइप करण्याची सोय आहे, तर सत्र खटल्यांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 311 साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात नोंदवावी, असेच सांगते. प्रश्नोत्तरे नोंदवण्याची मुभा न्यायाधीशांना आहे, पण नेहमीची रीत ती नव्हे.

म्हणून उलटतपासाची नक्कल हातात पडली की नवखा पक्षकार गोंधळतो. प्रश्न गायब असतात आणि ओळीमागून ओळ ‘हे म्हणणे खरे नाही की...’ अशी सुरू होते. ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे’ हे वाक्य साक्षीदाराने कधीच उच्चारलेले नसते. वकिलाने तसे सुचवले आणि साक्षीदार ‘नाही’ म्हणाला, एवढेच घडलेले असते. इथवर ठीक. अडचण येते ती अर्धवट उत्तरांची. ‘तुम्ही त्या दिवशी घरी होता का?’ या प्रश्नावर साक्षीदार म्हणतो, ‘बहुतेक नसेन, नक्की आठवत नाही.’ कागदावर आले, ‘त्या दिवशी मी घरी नव्हतो,’ तर अपिलात हेच वाक्य वाचले जाणार. जागरूक वकील त्याच क्षणी उभा राहतो: ‘साहेब, बहुतेक हा शब्द घ्यावा.’ एखाद्या प्रश्नावरून वाद झाला, तर तो प्रश्न, उत्तर, हरकत आणि हरकत घेणाऱ्याचे नाव हे सगळे नोंदवण्याची तरतूद दिवाणी संहितेत आहे. ती नोंद मागावी लागते, एवढेच. माझ्या मते चांगल्या वकिलाची खरी परीक्षा प्रश्न विचारण्याइतकीच, न्यायाधीश उत्तर सांगत असताना त्याचे कान कुठे आहेत, यातही असते.

फौजदारी खटल्यात साक्षीदारालाही संधी आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 313 प्रमाणे साक्ष संपल्यावर ती त्याला वाचून दाखवायची असते, गरज पडल्यास दुरुस्त करायची असते. दुरुस्ती न्यायाधीशांना मान्य नसेल, तर किमान त्याची हरकत टिपणात घेता येते. घरी जायच्या घाईत न वाचता सही ठोकणारे साक्षीदार ही संधी हसत हसत घालवतात.

रोजनाम्याबद्दल, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीबद्दलही असाच घोटाळा होतो. कोण हजर होते, कोणते अर्ज आले, पुढची तारीख काय, एवढाच त्याचा जीव. युक्तिवादात कोण काय बोलले ते त्यात शोधू नये. आणि खिशातल्या मोबाइलवर गुपचूप ध्वनिमुद्रण करून ही उणीव भरून काढायचा विचार तर अजिबात नको. परवानगीशिवाय असे करणे अंगाशी येते, आणि ते ध्वनिमुद्रण साक्षीच्या कागदाची जागा घेत नाही.

शब्दशः अहवालाची हौस पुण्याला जुनीच आहे. 1908 मध्ये टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. टिळकांनी स्वतःच्या बचावाचे भाषण कित्येक दिवस केले. त्यांचे पुण्यातले सहकारी न. चिं. केळकर यांनी त्याच वर्षी संपूर्ण खटल्याचा अधिकृत, शब्दशः अहवाल म्हणून इंग्रजी ग्रंथ काढला. आज इतिहासकार तो उघडतात; साध्या पक्षकाराला मात्र कोर्टाच्या कागदावरच भागवावे लागते.

दिवाणी दाव्यात साक्ष नोंदवण्याची आणखी एक वाट आहे. 1 जुलै 2002 पासून सरतपास, म्हणजे साक्षीदाराची मूळ साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो, आणि उलटतपास घेण्यासाठी कोर्ट आयुक्त, म्हणजे बहुधा एखादा वकील, नेमू शकते. त्याने सामान्यतः 60 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पण आयुक्ताला हरकतींवर निकाल देता येत नाही. तो त्या नोंदवतो आणि युक्तिवादाच्या वेळी न्यायाधीश ठरवतात. त्यामुळे आयुक्तापुढे आपली हरकत लिहून घेतली गेली की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे.

मग पैसे देऊन रिपोर्टर खरोखर कुठे नेमता येतो? लवादात. लवाद आणि सलोखा कायदा, 1996 च्या कलम 19 प्रमाणे कामकाजाची पद्धत पक्षकारांनी आपसात ठरवायची असते. बिल्डर आणि जमीनमालक, ठेकेदार आणि कंपनी यांच्या वादांत म्हणूनच रिपोर्टर दिसतो. ‘पात्र’ म्हणजे काय, हा प्रश्न इथे खरा होतो, कारण भारतात या व्यवसायाला वैधानिक परवाना नाही. पुण्यातच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे लघुलेखनाचे प्रमाणपत्र उपयोगी असते, पण मिनिटाला 100 शब्दांचा हात उलटतपासाच्या सरबत्तीत अपुरा पडतो. तेव्हा आधीच्या कामाचा नमुना पाहावा, ध्वनिमुद्रणाची जोड आहे का ते विचारावे आणि साक्षीदार मराठीत बोलणार असेल तर मूळ मराठी शब्दही नोंदवले जाणार का, हे ठरवून घ्यावे. ‘साठेखत’ आणि ‘खरेदीखत’ यांना इंग्रजीत एकाच शब्दाने उरकणारा रिपोर्टर अख्ख्या दाव्याचा अर्थ बदलू शकतो. गावांची, माणसांची, जमिनींच्या गट क्रमांकांची यादी त्याला आधी द्यावी. चुका किती दिवसांत कळवायच्या हे दोन्ही बाजूंनी लेखी ठरवावे. नेमणूक आणि खर्च दोघांचा सामाईक असलेला बरा. एकाच बाजूने आणलेल्या माणसावर दुसरी बाजू विश्वास ठेवत नाही.

एक फट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. 2019 मध्ये लवाद कायद्यात आलेले कलम 42अ गोपनीयतेचे बंधन लवाद, लवाद संस्था आणि पक्षकार यांच्यावर घालते. रिपोर्टरचे नाव त्यात नाही. त्याच्याकडून वेगळे हमीपत्र घ्यावे आणि ध्वनिफिती कधी पुसल्या जातील तेही त्यात लिहावे.

‘आता यंत्रच सगळे लिहील’ हा ताजा समज. 21 फेब्रुवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेने सुनावणीचे थेट लेखन प्रथम सुरू केले, ते महाराष्ट्रातल्या शिवसेनेच्या सत्तासंघर्षाच्या प्रकरणात. पण तिथे वकिलांचे युक्तिवाद लिहिले जात होते, पिंजऱ्यातल्या साक्षीदाराची साक्ष नव्हे. यंत्र उद्या शिवाजीनगरला आले, तरी त्याने काढलेला कागद वाचून ‘बहुतेक’ हा शब्द उतरला का, हे वकिलाला आणि साक्षीदाराला सही करण्याआधी पाहावेच लागेल.