म्हाताऱ्या लहान कुत्र्याचं खाणंपिणं



गाई-म्हशींच्या चाऱ्याबद्दल आपण नेहमी बोलतो. आज दारातल्या लहानग्या राखणदाराविषयी थोडं बोलू. हल्ली वाडीवस्तीवर पांढरं, झुपकेदार शेपटीचं कुत्रं बरंच दिसतं. आपण त्याला पामेरियन म्हणतो. खरं तर त्यातली बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. खरा पामेरियन याहून पुष्कळ लहान, दोन-तीन किलोचाच. हे लहान चणीचं जनावर बारा ते पंधरा वर्षं सहज जगतं. मात्र नऊ-दहा वर्षांचं झालं, की त्याला म्हातारं समजावं आणि त्याचं ताट बदलावं.

म्हातारपणी त्याची धावपळ कमी होते, पण घरातली सगळी माणसं आपापल्या ताटातला तुकडा टाकतच राहतात. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट, दुपारी भाकरी, रात्री कालवण. मग कुत्रं फुगतं. वजन वाढलं की गुडघे दुखतात, धाप लागते. अंगावर दाट केस असल्यानं नुसतं बघून लठ्ठ की रोड ते कळत नाही. त्यासाठी बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागायला हव्यात, पण टोचायला नकोत. महिन्यातून एकदा वजनही करा. कुत्र्याला कडेवर घेऊन धान्याच्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा. फरक तेवढं त्याचं वजन.

आता किती घालायचं? सहा किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसभरात ज्वारीची पाऊण भाकरी, एक उकडलेलं अंडं, उकडलेल्या मांसाचे मूठभर बिनहाडाचे तुकडे आणि दोन-तीन चमचे घट्ट वरण एवढं साधारण पुरतं. मांस चालत नसेल त्या घरी दोन अंडी घालावीत. एवढंसं कसं पुरेल, असं वाटेल. पण जीवच तेवढा आहे. हे एकदम न घालता दोन-तीन वेळा विभागून द्या. वजन वाढत असेल तर भाकरी कमी करा, अंडं-मांस नको. म्हातारपणी अंगावरचं मांस झडतं, म्हणून अशा खाण्याची गरज उलट जास्त असते. मूत्रपिंडाचा आजार निघाला, तर मात्र डॉक्टर सांगतील तसंच खाऊ घालावं.

कालवण मुळीच नको. त्यात मीठ-तिखट तर असतंच, शिवाय कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वरण काढायचं ते फोडणीआधी. दुधानं पुष्कळ कुत्र्यांना ढाळ लागते. त्यापेक्षा ताक किंवा थोडं दही बरं. सणाला तुपात भिजलेली पुरणपोळी प्रेमानं घालू नका, स्वादुपिंड सुजून कुत्रं दगावतं. शिजवलेल्या कोंबडीची हाडं चिरफाळून घशात, आतड्यात घुसतात. आणि नाशिक, सांगलीकडच्या बागायतदारांनी विशेष ध्यानात ठेवावं: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे आहेत, मूत्रपिंडं बंद पडतात. बेदाण्याच्या शेडवर कुत्रं मोकळं सोडू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. कुत्रं खाईनासं झालं की आपण म्हणतो, "म्हातारं झालंय, चालायचंच." इथंच चूक होते. लहान जातीच्या कुत्र्यांच्या दातांवर फार लवकर कीटण चढतं, हिरड्या सुजतात. भूक असते, पण चावलं की कळ येते. ताटाजवळ येऊन वास घेतं आणि मागं सरतं, एकाच बाजूनं चावतं, तोंडातून घास पाडतं, तोंडाला घाण वास येतो, ही त्याची लक्षणं. ओठ वर करून दाढा बघा, बरं का. कळेवर असेल तर चावेल, म्हणून जपून. दुखरा दात पशुवैद्याकडून काढून घेतला, की असं कुत्रं बहुधा पुन्हा खाऊ लागतं. तोवर भाकरी कोमट पाण्यात किंवा अळणी वरणात कुस्करून द्या. कोमट अन्नाचा वास चांगला येतो. वयानं नाक मंद झालेल्या कुत्र्याला त्याचा उपयोग होतो.

पाण्याकडंही लक्ष असू द्या. सकाळी भांड्यात मोजून एक लिटर भरा आणि दुसऱ्या दिवशी किती उरलं ते पाहा. अर्थात कोंबड्या त्यात चोच घालणार नाहीत अशा जागी. सहा किलोचं कुत्रं दिवसाला सहाशे मिलिलिटरहून जास्त पीत असेल आणि सारखं मुतत असेल, तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. रात्री खोकणं, खात असूनही वाळत जाणं, सबंध दिवस तोंडाला काहीच न लावणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. घरातली माणसाची अंगदुखीची गोळी मात्र देऊ नका. सहा किलोच्या जिवाला एकच गोळी घातक ठरू शकते.