विश्लेषण : वर्गसमीकरणाची उत्तरे दोन, मग माकडे पन्नास की पाच?

‘परंतु वय ऋण नसते, म्हणून हे उत्तर अमान्य.’ दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणावरचे शाब्दिक उदाहरण सोडवताना असे वाक्य वहीत हमखास येते. ऋण उत्तर खोडायचे, धन ठेवायचे. पण दोन्ही उत्तरे धन आली तर? हा पेच भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच ‘बीजगणित’ या ग्रंथात मांडला आहे. (त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे.)

कोडे काय आहे?

माकडांच्या कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा. तेवढी माकडे गुहेत गेली. उरलेले एक फांदीवर दिसते. कळपात एकूण माकडे किती?

माकडे क्ष मानली तर (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. दोन्ही बाजूंना २५ ने गुणून सगळी पदे एकीकडे आणली की क्ष² − ५५क्ष + २५० = ० मिळते.

उत्तरे दोन का येतात?

अवयव पाडूनही हे सुटते. पण श्रीधराचार्यांची रीत जास्त बोलकी आहे; भास्कराचार्यांनीही तिचे श्रेय त्यांनाच दिले आहे. क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे इथे ४ ने गुणा :

४क्ष² − २२०क्ष = −१०००

आता दोन्ही बाजूंत ५५ चा वर्ग, ३०२५, मिळवा. डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो :

(२क्ष − ५५)² = २०२५

४५ चा वर्ग २०२५ आणि −४५ चाही २०२५. दोन उत्तरे येतात ती इथून. पहिल्यातून क्ष = ५०, दुसऱ्यातून क्ष = ५. पाठ्यपुस्तकातला ‘विवेचक’ म्हणजे हाच २०२५. तो शून्य असता तर दोन्ही मुळे समान आली असती, ऋण असता तर वास्तव मूळच नसते. सूत्र पाठ करणाऱ्यांनी एकदा तरी या वाटेने जावे, कारण सूत्र इथूनच निघते.

मग ५ का नाकारले?

५० चा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, अधिक फांदीवरचे एक. हिशेब जुळला. ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले −२, वर्ग ४, अधिक एक, झाले ५. हाही जुळला! पण एका माकडातून तीन माकडे वजा कशी करणार? व्यवहारात ऋण संख्या लोकांना पटत नाही, असे सांगून भास्कराचार्यांनी ५ वगळले. ऋण संख्या उत्तरात नव्हती, मधल्या पायरीत लपली होती.

त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या कोड्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग अधिक १२ म्हणजे पूर्ण कळप. तिथे ४८ आणि १६ दोन्ही चालतात. ऋण नाही म्हणून ठेवायचे, की एकच हवे म्हणून एक खोडायचे, या दोन्ही सवयी इथे उपयोगाच्या नाहीत. मिळालेले प्रत्येक मूळ समीकरणात नव्हे, तर प्रश्नाच्या मूळ वाक्यात घालून पायरीपायरीने तपासावे लागते.